पुस्तकाच्या पलीकडची जागा

“मी तिला मठ्ठ म्हटलं नाही. कच्ची म्हटलं,” बाई म्हणाल्या.

“सगळ्या वर्गासमोर म्हटलंत.”

“मग काय कानात सांगू? आणि आठवीतून पळालेला तू मला शिकवणार?”

“पळालो म्हणून तर कळतं.”

हे शुक्रवारी, दुसरीच्या वर्गात, पन्नास पोरांदेखत. वाचन आठवडा होता. घरातल्या कुणीतरी रोज तासभर वर्गात बसायचं, अशी चिठ्ठी आली होती. आई हॉस्पिटलच्या चादरी धुते, तिला कुठली सुट्टी? म्हणून मी, गॅरेजच्या कामातून तासभर सुटून. गुडघे हनुवटीला टेकतील अशा बाकावर पाच दिवस बसलो, माझ्या बहिणीच्या, टिकलीच्या मागे.

वर्गाला कुजक्या फडक्याचा वास. मोठे सर रोज यायचे आणि फोटो काढून जायचे. फोटोत पोरांनी हसायचं, पुस्तकावर बोट ठेवायचं. एकाचा शेंबूड ओठापर्यंत आलेला, तर सर म्हणाले, “ह्याला मागे घ्या.” पुसला नाही कुणी. शेवटी बाईंनीच पुसला, स्वतःच्या रुमालाने. चोवीस वर्षं खडू धरून त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यावर चिकटपट्ट्या.

चौघांत एक पुस्तक. नवीकोरी पुस्तकं होती, पण सरांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलपात. पोरांच्या हातात गेली की खराब होतात म्हणे.

टिकलीला वाचता येत नाही, हे बाईंनी सोमवारीच सांगून टाकलं. हातात पुस्तक दिलं की ती गप्प. फळ्यासमोर उभी केली तरी गप्प. शुक्रवारी कच्च्या पोरांची यादी जाणार होती, आणि यादीतली पोरं परत पहिलीत. आईला मी हे सांगितलंच नाही.

गुरुवारी पुस्तक मागून घरी नेलं. मी वाचत होतो, टिकली समोर बसून फ्रॉकची नाडी चावत होती. एका शब्दाला अडलो तर ती समोरून म्हणाली, “खारुताई.” मग अख्खं पान वाचलं. पुस्तक तिच्याकडे फिरवलं, तर गप्प. पाठ असेल म्हणून पेपर उलटा धरला. तोही वाचला, अडखळत, पण वाचला.

वर्षभर ती बाकाच्या पलीकडे, पुस्तक धरणाऱ्या पोरांच्या समोर बसली होती. पुस्तक तिला कायम उलटंच दिसलं. ती तसंच शिकली.

म्हणून शुक्रवारी त्या भांडणात मी पुस्तक ओढलं आणि तिच्यासमोर उलटं धरलं. टिकलीने वाचलं. पोरं खिदळली. बाई खुर्चीत बसल्या.

“वर्षभर?”

“वर्षभर. आता यादीतून नाव काढा.”

त्या मला सरांकडे घेऊन गेल्या. सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

“यादी सकाळीच गेली. आणि उलटं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे बाळा.”

“मग कपाट उघडा. एकेकाला एकेक पुस्तक द्या.”

“पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचेत. रिकामं कपाट दाखवू?”

मी बाईंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. त्या बोटाची चिकटपट्टी सोलत उभ्या. त्या क्षणी मला सरांपेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

आज सोमवार. टिकलीला पहिलीत सोडायला आलोय. इथेही चौघांत एक. कुणाला न विचारता मी तिला उचललं आणि पुस्तक सुलट दिसेल त्या बाजूला बसवलं. तिथे एक बारकी पोर होती, दोन वेण्यांची. तिने आपली पेन्सिल घेतली आणि पलीकडे जाऊन बसली. आता मान वाकडी करून पानाकडे बघतेय.

गॅरेजची चावी माझ्याकडे आहे. मला निघायला हवं.