जावयाच्या भरवशावर

ही गेली हे मला दुकानदाराने फोनवर सांगितलं. वायरी, बॅटऱ्या, चार्जर विकणारा आमच्या ओळखीचा दुकानदार. म्हणाला, "काका, काकू काउंटरपाशी उभ्या होत्या. जरा जाड वायर दाखवा म्हणाल्या आणि खालीच बसल्या. डॉक्टर समोरच असतात, ते लगेच आले. काका, तुम्ही सावकाश या. आता घाई करून काही उपयोग नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. काय करायचं ते सुचेना, म्हणून मागच्या खोलीत गेलो. तिथे हिचं विमान उडत होतं.

विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचं. तीन स्क्रीन शेजारीशेजारी आणि त्यांत ढग. ही शिवणयंत्रं दुरुस्त करायची, त्यामुळे हाताला सतत काहीतरी लागायचं. विमान चालवायचं स्टीअरिंग तिने विकत आणलं होतं आणि जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं होतं. टेबल मागच्या खोलीत गेलं तेव्हापासून आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवायचो. बाकीचं सगळं तिने घरी केलं. पायातली पेडलं दोन जुन्या शिवणयंत्रांची. पंख्याचा खटखट वाजणारा रेग्युलेटर एका बाजूला. खुर्ची भंगारातल्या मोटारीची, आणि तिच्याखाली एक मोठा स्पीकर उलटा ठोकलेला. त्यामुळे ढगात शिरलं की खुर्ची थरथरायची, आणि खालच्या मजल्यावरच्यांची कपाटातली भांडी वाजायची.

त्या दिवशी सकाळी विमान वर गेल्यावर पेडलं बंद पडली. वायर गेली होती. ही चपला घालता घालता म्हणाली, "वायर घेऊन येते. जावयाच्या भरवशावर सोडलंय. तुम्ही कशाला हात लावू नका."

तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. म्हणून मी सगळ्यात आधी जावयाला फोन केला. म्हटलं, "ती गेली रे. सगळं तुझ्या भरवशावर सोडून गेली. शेवटचं तेच बोलली."  तो रडायला लागला. आमचा जावई बँकेत आहे, शांत माणूस, हिच्यासमोर कायम अवघडून बसायचा. संध्याकाळी लेक आली ती साध्या पिशवीनिशी, आणि हा दोन सुटकेसा घेऊन.

लेकीने विचारलं, "एवढं सामान कशाला?"

तो म्हणाला, "आईंनी बाबांना माझ्यावर सोपवलंय."

दुसऱ्या दिवशी सगळं उरकून घरी आलो तर विमान मुक्कामाला पोचलं होतं. एक छोटं बेट, त्यावर एक धावपट्टी, आणि विमान तिच्यावर घिरट्या घालत होतं. इंधन संपण्याचा प्रश्न नव्हता. संपणारच नाही अशी सोय तिने करून ठेवली होती. म्हणायची, स्वयंपाकाच्या सिलिंडरची काळजी करते तेवढी पुरे.

लोक भेटायला यायला लागले. पुढची खोली लहान, म्हणून मंडळी मागे जायची. तिथे पलंगामुळे खुर्च्या एकापुढे एक अशाच मांडता येतात. लोक येऊन रांगेत बसायचे, समोर ढग बघायचे, हळू आवाजात बोलायचे. माझी बहीण आली ती सरळ पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणाली, "दादा, मला मागे बसलं की मळमळतं."

खालच्या मजल्यावरचे आले. त्यांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली, आम्ही त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणतो. ते म्हणाले, "वहिनी गेल्या, फार वाईट झालं." मग म्हणाले, "काल दुपारपासून आमची भांडी दर पाच-सहा मिनिटांनी वाजतायत. तोच ढग आहे का?"

"तोच. गोल फिरतंय ना."

"मग कोणी उतरवत का नाही?"

 त्यांना पोचवायला खाली गेलो तर जिन्यात नोटीस लावलेली. जमिनीखालची केबल बदलायची असल्याने मंगळवारी सकाळी अकरापासून दिवसभर वीज बंद. तारीख दोन दिवसांवर आली होती. नोटीस वाचून मी जिन्यातच बसलो. ड्रायव्हरकाकांना वाटलं, मला चक्कर आली.

वर येऊन जावयाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, त्यात काय? सेव्ह करून ठेवू. आहे तिथेच राहील."

"आहे तिथे म्हणजे कुठे? हवेतच ना?"

"हवेतच, पण सुरक्षित."

मी म्हटलं, "हे बघ. तिच्याकडे दुरुस्तीला आलेली सगळी यंत्रं तिने परत केलीत. ब्लाउज शिवायला घेतला होता त्याला बटणं लावून झालीत. तिचं अर्धवट असं घरात काहीच नाही, फक्त हे वर आहे. ते मला उतरलेलं बघायचंय. वीज जायच्या आत."

लेक म्हणाली, "आपटलं तर?"

"आपटलं तर मग मला तेही बघावं लागेल."

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम केलं. मला दोनच गोष्टी येतात, चालू करणं आणि बंद करणं. पण विमानाचं तसं नाही. आणि शिकवायला कोणी असावं तर तिथेही अडचण होती. स्पीकरमधून एका बाईचा आवाज यायचा. तीही एक हौशी बाई, आपल्या घरी बसून विमानांना वाट सांगते. आमची ही तिला टॉवर म्हणायची. प्रत्यक्षात दोघी कधी भेटल्या नाहीत. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "मावशी, अजून घिरट्याच? खाली यायचा विचार आहे की नाही?" मागे तिचं लहान मूल रडत असायचं. नंतर नंतर ती नुसतं "मावशी?" म्हणायची. आम्ही सगळे खोलीत बसून ऐकायचो. मी मोठ्याने सांगायचो, पण ते तिकडे पोचत नव्हतं. बोलायचं बटण कुठलं ते आम्हाला माहीत नव्हतं.

बटणं पुष्कळ होती, आणि हिने प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून नाव लिहिलं होतं. पण तिला इंग्रजी नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून तिने आपली नावं दिली होती. रेग्युलेटरवर लिहिलं होतं 'सासूबाई'. एका दांड्यावर 'नणंद'. एकावर 'भाचे'. जाड दांड्यावर 'दम', त्याच्या खाली 'पुरे'. आणि स्टीअरिंगच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठा टेकतो तिथे, एक लाल बटण. त्यावर 'अहो'.

माझ्या बहिणीने चष्मा लावून सगळं वाचलं. "नणंद म्हणजे मी?"

"तुझ्याशिवाय तिला नणंद आहे कुठे?" मी म्हटलं.

"आणि हे दाबल्यावर काय होतं?"

"कुणाला माहीत."

'अहो'ला कोणीच हात लावेना. मी तर मुळीच नाही. हिने मला उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही, अहो म्हणजे मीच. मला वाटायचं, विमानातल्या कुठल्या निकामी भागाला तिने माझं नाव दिलं असेल, ते आता लोकांसमोर कशाला कळायला हवं? किंवा दाबलं आणि इंजिन बंद पडलं तर?

मंगळवारी सकाळी टॉवर म्हणाली, "मावशी, काही चुकलं असेल माझं तर सांगा. अशा गप्प राहू नका." तिचा आवाज ओला झाला होता. तेव्हा माझा अंगठा 'अहो'वर गेला.

"अहो," मी म्हटलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

"कोण बोलतंय?" टॉवर म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलायचं बटणच ते. बोलायला सुरुवात करताना ती अहोच म्हणायची ना, ते दाबलं की बोलता येतं. मी तिला म्हणालो, "मी तिचा नवरा. ती शनिवारी गेली. वायर आणायला गेली होती. विमान तेव्हापासून वर आहे, आणि आज अकराला वीज जाणार आहे."

पलीकडे मूल रडत होतं. मग टॉवर म्हणाली, "एक मिनिट, याला कडेवर घेते." परत आली तेव्हा ती सरकारी कचेरीत बोलतात तसं बोलायला लागली. "ठीक आहे काका. आपण उतरवू या. आता ऑटोपायलट चालू असेल, म्हणजे विमान आपलं आपण उडतंय. थोडं खाली आलो की तो काढायचा. कुठलं बटण आहे ते शोधून ठेवा."

"इथे तसं लिहिलेलं नाही. भाचे आहेत, सासूबाई आहेत..."

"काय?"

मी सगळी नावं वाचून दाखवली. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग म्हणाली, "एकदा बसला की हलत नाही, सगळं आपोआप होतंय असं वाटतं, पण उतरायच्या वेळी त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. असं मावशी सांगायच्या मला. जावई! ऑटोपायलट म्हणजे जावई. वर मध्यभागी असेल बघा."

होतं. मध्यभागी, हिरवा दिवा पेटलेलं बटण, 'जावई'.

 आमचा जावई माझ्या खांद्यामागे उभा होता. "म्हणजे," तो म्हणाला, "त्या दिवशी आई माझ्याबद्दल बोलल्याच नव्हत्या?"

 मी म्हटलं, "नाही रे. पण तू आलास ना."

"मी बँकेत बदलीचा अर्ज दिलाय, बाबा."

लेक म्हणाली, "तू आधी खुर्चीवर बस."

एवढ्यात दारावरची बेल वाजली. वीज कंपनीचा लाइनमन. वर सगळीकडे सांगत फिरत होता की बंद करतोय, लिफ्टमध्ये कोणी नाही ना. ड्रायव्हरकाकांनी त्याला आत ओढला. "विमान खाली येतंय. पाच मिनिटं बसा."

"विमान?"

"बसा हो. मागे जागा आहे."

तो हातमोजे काढून बसला.

टॉवर एकेक सांगत गेली. उंची कमी करा. वेग फार आहे, पंखांवरचे अडथळे उचलायला हवेत, चांगलं उडणारं विमान खाली आणतात ते. कोणीतरी म्हणालं, "नणंद." माझ्या बहिणीने दांडा स्वतःच ओढला. "माझंच आहे तर मीच ओढते," म्हणाली. विमान जड झालं, खुर्ची थरथरली. "आता सासूबाई, एकेक टप्पा," टॉवर म्हणाली. रेग्युलेटर खट्‌ वाजला, पुन्हा खट्‌. प्रत्येक खट्‌ला विमान आणखी हळू झालं. "भाचे बाहेर काढा, तीन असतील." तीन चाकं बाहेर आली. बहीण म्हणाली, "माझी तिन्ही आहेत."

"आता जावयाला काढा, काका."

मी मागे बघितलं. जावई म्हणाला, "काढा बाबा. मला राग नाही."

बटण दाबलं. हिरवा दिवा गेला आणि स्टीअरिंग एकदम जिवंत झालं, हातात धरलेली कोंबडी फडफडावी तसं. विमान डावीकडे कललं. रांगेतली सगळी माणसं उजवीकडे कलली. "दम कमी! दम कमी!" ड्रायव्हरकाका ओरडले आणि त्यांनीच दांडा मागे घेतला. धावपट्टी वर यायला लागली. समुद्र, खडक, मग पांढरे पट्टे. एकदा आपटलं, उडालं, दुसऱ्यांदा आपटलं आणि बसलं. खाली ड्रायव्हरकाकांच्या कपाटातलं काहीतरी फुटलं.

"पुरे!" टॉवर म्हणाली. "पुरे दाबा!"

मी पुरे दाबून धरलं. पेडलं बंद, त्यामुळे वळवता येत नव्हतं. विमान धावपट्टी संपवून गवतात गेलं आणि थांबलं. नाक समुद्राकडे, पण अख्खं.

लाइनमनने टाळी वाजवली, मग त्याला लाज वाटली. लेक माझ्या पाठीवर डोकं टेकवून रडली. टॉवर म्हणाली, "काका, उतरलं. मावशींना सांगा." आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

इंजिनं बंद केली. लाइनमन उठला. "आता करू ना बंद?"

"थांबा," मी म्हटलं. "आत माणसं आहेत. ती उतरू देत. टॉवर, दार कसं उघडायचं?"

टॉवर म्हणाली, "ते मला माहीत नाही, काका. मावशींनी दार कधी उघडलंच नाही. उतरल्या की तिथूनच म्हणायच्या, चला, ह्यांचा चहा राहिलाय, आणि बंद करायच्या."

"मग इतकी वर्षं माणसं उतरली कशी?"

"तसं मी कधी विचारलं नाही."

आम्ही उरलेली सगळी नावं दाबून पाहिली. 'शेजारीण'ने पुढच्या काचा पुसल्या. 'व्याही'ने दिवे लागले आणि विझले. 'मोठी जाऊ'ने पट्टे बांधा असं सांगितलं. लाइनमन घड्याळाकडे बघत होता. शेवटी त्याने खाली फोन लावला आणि केबलचा जोड आला नाही, परवा करू, असं सांगून टाकलं. मग हातमोजे घालून गेला. जावयाने आपल्या दोन्ही सुटकेसा कपाटावर चढवल्या. अर्ज परत घ्यायचा का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, असू दे.

विमान गवतात उभं आहे. दार उघडायचं राहिलं आहे.