बिनक्लचची गाडी

"अहो, जळका वास येतोय," पायरीवर बसलेली मावशी म्हणाली.

तिचा नवरा गाडीखाली आडवा झाला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गिअरबॉक्सचं तेल त्याने पसरट टबात सोडलं होतं. ते लालभडक असायला हवं. हे काळं होतं, दाट. आधीच्या मालकाने कधी बदललंच नसावं. इतकं जुनं तेल काढलं की कधीकधी गिअरबॉक्स कायमचा बसतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. पण गिअर बदलताना गाडी असे हिसके द्यायची की न बदलूनही तेच झालं असतं.

"घाबरलात काय?"

"तुझ्या गाडीला हात लावायचा म्हणजे कोण घाबरणार नाही?"

मावशी हसली. तिने जन्मभर शाळेची व्हॅन चालवली. तिच्या व्हॅनमधून शाळेत गेलेली पोरं पुढे आपली पोरं घेऊन तिच्याचकडे आली. मग नसांच्या दुखण्यात तिचा डावा पाय बधिर होऊन निकामी झाला. क्लच दाबता येईना. व्हॅन दुसऱ्याच्या हाती गेली त्या दिवशी ती जेवली नाही, आणि नंतर त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. मिस्त्रीने मग ही जुनी ऑटोमॅटिक हुडकून आणली. क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही.

"एका पायाची बाई, तिला एका पायाची गाडी," मावशी तेव्हा म्हणाली होती, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तिने कामाचा ड्रेस काढून इस्त्री केला होता.

मिस्त्रीने फिल्टर बदलला, पॅन धुऊन बसवला, बोल्ट आवळले. लांब नळीच्या नरसाळ्यातून नवं तेल ओतलं. चाकांपुढे-मागे विटा लावल्या.

"बस आत. ब्रेक दाबून धर आणि गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेत जा. तेल सगळीकडे फिरू दे."

इंजिन सुरू झालं. गळती बघायला मिस्त्री मागे गेला. ब्रेकच्या दिव्यांनी भिंत लाल झाली होती. दांडा मागे गेला, पुढे आला. एकही हिसका नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भिंतीवरचा लाल उजेड गेला. आला. पुन्हा गेला. गाडी विटेला ढोसायला लागली.

"ब्रेक दाबलायस ना गं?"

"दाबलाय की!"

भिंतीवर उजेड नव्हता. मिस्त्री खिडकीशी आला. तिचा उजवा पाय पेडलवर होता, नुसता टेकलेला.

"बंद कर जरा. मागच्या दिव्याची वायर सैल झालीय. बघतो."

तिने इंजिन बंद केलं. आपल्या पायाकडे बघत राहिली.

"वायर नाही, अहो. हल्ली चप्पल निसटलेली कळत नाही मला. म्हटलं, गाडी तरी होऊ दे, मग सांगू."

"डॉक्टर तर म्हणाले होते, उजवा..."

"बघू म्हणाले होते. बघितलं आपण."

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"एक फेरी मारू द्या," ती म्हणाली. "तुम्ही हँडब्रेकवर हात ठेवा."

गॅरेजपुढे मोकळं मैदान होतं. त्याने विटा काढल्या आणि तिच्या शेजारी बसला. एक्सिलरेटरला पाय न लावता गाडी आपोआप सरकत होती, माणूस रमतगमत चालतो तशी. मावशीचे हात स्टिअरिंगवर हलके होते. मैदानात चिटपाखरू नव्हतं, तरी वळताना तिने इंडिकेटर दिला. आरशात बघितलं.

"मऊ चालतेय," ती म्हणाली. "छान केलंत काम."

त्याने हँडब्रेकवरचा हात हलवला नाही.

कुंपणाशी आल्यावर ती म्हणाली, "ओढा." त्याने हँडब्रेक ओढला. तिने दांडा जागेवर लावला, किल्ली फिरवली आणि दाराला धरून खाली उतरली. मिस्त्री तिची काठी घेऊन पलीकडून धावत आला. पण ती अजून निघाली नव्हती. वाकून चालकाच्या सीटखालची, सीट सरकवायची दांडी चाचपत होती. सापडल्यावर तिने सीट पार मागे ढकलली.

"तुमचे पाय लांब आहेत," ती म्हणाली.