हाराआडचा आकडा

मित्रांनो, कोलशेतच्या खाडीत एका होडीच्या मागच्या फळीवर मला स्क्रूने आवळून बसवलेलं आहे. मी त्या होडीची जुनी मोटर. माझं डोकं पाण्याच्या वर असतं, पंखा पाण्याखाली. दोरी ओढली की मी पेट्रोलवर सुरू होते आणि गरम झाले की रॉकेलवर चालते. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. १९८३ साली लाकडी खोक्यातून मी इथे आले. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही, पण खोकं उघडणारा माणूस चांगला आठवतो. त्याचं नाव धाकू. त्याने मला आधी नमस्कार केला आणि मगच हात लावला.

तोवर धाकू वल्ही मारत असे. मी आल्यावर त्याची होडी दिवे, मुंब्र्यावरून थेट डोंबिवलीच्या मोठागाव बंदरापर्यंत जाऊ लागली. त्याची बायको शेवंती तिथे टोपली मांडून निवटे, बोय आणि चिंबोऱ्या विकायची. मासळी ताजी पोचत असे, त्यामुळे गिऱ्हाईक तिची वाट बघत उभं राहायचं. गावात माझं कौतुक झालं. शेजारच्या होडीचा दामाजी तेवढा म्हणायचा, "धाकूची नवरी लई आवाज करतं." पुढच्या वर्षी त्यानेही मोटर घेतली.

मला थंड ठेवण्याची एक रीत आहे. माझ्या पोटातला पंप खाडीचं पाणी ओढतो आणि माझ्या अंगात खेळवतो. त्यातली एक बारीक धार बाजूच्या भोकातून बाहेर पडते. धाकू दर थोड्या वेळाने त्या धारेखाली हात धरायचा. धार थंड असली की त्याला वाटायचं, मोटर ठीक आहे. खाडीतले सगळे तांडेल असंच करतात. बापाने मुलाला शिकवलेली ही रीत आहे.

तरीही १९९३च्या उन्हाळ्यात भर खाडीत माझा पिस्टन तापून जाम झाला. धाकूने होडी वल्हवत घरी आणली. माझं मॉडेल कारखान्याने केव्हाच बंद केलं होतं. ठाण्यातल्या एका मिस्त्रीने कुठून तरी जुना पिस्टन मिळवून बसवला आणि बजावलं, "मामा, हा शेवटचा. आता जाम झाली तर भंगारात घाला."

धाकूला नवी मोटर घेणं शक्य नव्हतं. मी गेले तर होडी विकायची आणि रेतीवाल्यांच्या बोटीवर बुड्या मारून रेती काढायची, एवढाच मार्ग उरला होता. शेवंतीने मोठागावच्या बंदरावर ते आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, हरिहरला सांगितलं.

हरिहर डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीला होता. त्याच्या कंपनीत भट्ट्यांचं तापमान आकड्यात दाखवणारी मीटरं बनत. चिंबोऱ्यांचा त्याला भारी शौक. तो शेवंतीला म्हणाला, "मावशी, भट्टीचा ताप कळतो, तर तुमच्या मोटरचा का नाही कळणार?"

पावसाळ्याच्या तोंडावर तो पिशवी घेऊन कोलशेतला आला. त्याने माझ्या डोक्याच्या धातूवर मण्याएवढा एक तुकडा घट्ट चिकटवला. प्लगच्या वायरीभोवती दुसऱ्या वायरीचे वेढे दिले. या दोन्ही वायरी एका प्लास्टिकच्या डब्यात गेल्या, आणि डबा माझ्या शेजारी फळीवर बसला. स्कूटरची बॅटरी जोडताच त्याच्या काचेत लाल आकडे पेटले. वरचे माझे फेरे, खालचा माझा ताप.

"साठ-पासष्ट असला तर बिनधास्त राहा," हरिहरने सांगितलं. "नव्वदच्या वर गेला तर लगेच बंद करा. विचार करत बसू नका."

धाकूने डब्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "मोटर माजी, हात माजा. आता हा डबा मना शिकवनार?"

"शिकवत नाही मामा, चुगली करतो फक्त."

शेवंती हसली. धाकूही थोडा हसला. पण होडी चालवताना तो धारेखालीच हात धरायचा; डब्याकडे पाहायचा ते केवळ हरिहरच्या शब्दाखातर.

त्या वर्षी नारळी पुनवेचा मान धाकूच्या होडीला मिळाला. गावाचा सोनेरी कागदात मढवलेला नारळ त्याच होडीतून जायचा होता. नारळाची होडी पुढे आणि बाकीच्या मागे. तिला ओलांडून कुणी जात नाही. शेवंतीने मला आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं. डबाही घरात नवा आलेला. मग त्याला कसं वगळायचं? तिने त्यालाही कुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार त्याच्यावर घातला. लाल आकडे फुलांखाली गेले.

हरिहर पाहुणा म्हणून होडीत होता. काठ सोडून थोडं पुढे आल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. "मावशी, हार जरा काढू का? आकडे दिसत नाहीत."

"खुळाच जालास काय? नारळ पान्यात पडल्याबिगर पूजेचा हार काढीत नाय."

धाकूने धारेखाली हात धरला. "थंडगार पानी हाय. बस खाली, भाऊ."

मला मात्र आतून वेगळंच जाणवत होतं. डोक्यात ठणका सुरू झाला होता. पण मोटरीला बोलता येत नाही, मित्रांनो. माझी बोलण्याची एकच जागा होती आणि तिच्यावर झेंडू होता.

हरिहर खाली बसला खरा, पण त्याची नजर डब्यावरून हलेना. शेवंतीने ते पाहिलं. ती उठली, तिने हार दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि माझ्या गळ्यात घातला.

"गो, हे काय?" धाकू म्हणाला.

"काढला नाय, सरकवला. डबा न् मोटर एकाच अंगाची. गळ्यातच शोभतं."

काचेत ९४ दिसत होते. बघता बघता ९५ झाले.

"बंद करा मामा!"

"अरे, पानी थंड हाय! हात घालून बघ तू."

हरिहरने हात घातला. पाणी खरंच थंड होतं. क्षणभर तोही गोंधळला. होडीत बायकामुलं होती, मागे सारं गाव होतं. नारळाची होडी मधेच बंद पडणं म्हणजे वर्षभर ऐकून घ्यायचं. आकडा सरसर चढत ११८ वर गेला.

धाकूने माझी टोपी, म्हणजे डोक्यावरचं झाकण उचललं, बोटं खाडीत बुडवली आणि एक थेंब माझ्या डोक्यावर सोडला. थेंब चर्र करून उडून गेला.

त्याने मला तत्काळ बंद केलं.

मागून दामाजीचा आवाज आला, "काय रं धाकू, म्हातारीला पुनवेचा उपास हाय काय?"

धाकूने वल्हं उचललं. "उपास तुला पन हाय, दामाजी. नारलाला ओलांडून जातंस काय?"

दामाजीलाही मोटर बंद करावी लागली. एकामागून एक साऱ्या होड्या शांत झाल्या आणि वल्ही बाहेर निघाली. मोटरींच्या आवाजाखाली कित्येक वर्षं दबलेली गाणी त्या दिवशी खाडीभर ऐकू आली. नारळ वेळेवर पाण्यात पडला. परतताना दामाजीच्या तळहातांना फोड आले होते, हे शेवंती अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी धाकू आणि हरिहरने मिळून माझं डोकं उघडलं. पाणी खेळायच्या वाटा मिठाने आणि बारीक चिखलाने दगडासारख्या गच्च भरल्या होत्या. बाहेर पडणारी धार पंपातून परस्पर निघत होती, डोक्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं. हात खोटं सांगत नव्हता; पण त्याला डोक्यातलं कळायला वाटच नव्हती. पिस्टनवर मात्र एक ओरखडाही नव्हता. धाकूने तो अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपला आणि शेवंतीला हाक मारली, "बघ गो. रेती काडाया नाय जायाचा."

आता १९९९ साल आहे. डब्याची काच पिवळी पडली आहे, बॅटरी अनेकदा बदलली. दामाजीच्या होडीवरही हरिहरने तसाच डबा बसवून दिला आहे. धाकू अजून धारेखाली हात धरतो आणि मग आकडा पाहतो. दोन्हीचं जुळलं तरच पुढे निघतो. दर उन्हाळ्यात तो माझं डोकं उघडून वाटा साफ करतो. मी रोज मोठागावला जाते आणि परत येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात पंखा, शिलाईयंत्र, सायकल असेल. दसऱ्याला तुम्ही त्यांची पूजा करता. ती जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण आधी आम्हाला काय होतंय ते बघा. आणि हार गळ्यात घाला, डोळ्यांवर नको.