वाकड्या पाइनखालच्या दोघी

चंद्राच्या सणाआधी थडग्यावरचं गवत काढलं नाही, तर मेलेलं माणूस केस न विंचरता सणाला येतं, असं मालसुनची आत्या म्हणायची. म्हणून पंच्याहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी बाजारात मासळी विकणारी मालसुन दर शरदात विळा, तांदळाच्या दारूची बाटली आणि सुका मासा पिशवीत घालून कोरियातल्या सोल शहराच्या थडग्यांच्या टेकडीवर चढायचीच.

टेकडी म्हणजे मोठमोठ्यांची वस्ती. कवी, चित्रकार, वैद्य, जपान्यांच्या तुरुंगात गेलेले पुढारी, सगळे तिथं मातीच्या गोल उंचवट्यांखाली पहुडलेले. प्रत्येकापुढे पालिकेची चकचकीत पाटी आणि पाटीपुढे शाळेच्या सहली. मालसुनची आई यातली कुणीच नव्हती. लोकांची धुणी धुवायची, लढाईच्या धामधुमीत तापानं गेली, तेव्हा मालसुन नुकती चालायला लागली होती. आत्यानं भावजयीला कसंबसं पुरलं. वर दगड बसवायची ऐपत कुणाची होती? पुढे अंथरुणाला खिळल्यावर ती मालसुनला एवढंच म्हणाली, “वाकड्या पाइनखाली दोन थडगी आहेत. डावं तुझ्या आईचं.”

उजवं होतं सनऊ यंगरान बाईंचं. जपानी अमलात कोरियन भाषेवर बंदी होती तेव्हा या बाईनं बाजारातल्या बायकांना तळघरात बसवून लिहायला-वाचायला शिकवलं आणि त्यापायी तुरुंगात हाडं झिजवली. दगड त्यांच्याही नशिबी नव्हता. त्यांचा भाचा प्यो गिलसू, निवृत्त मास्तर, दरवर्षी त्यांचं गवत कापायला यायचा. त्याचं आणि मालसुनचं चाळीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

“ओ मासळीवाल्या बाई, तुमचं गवत आमच्या मावशीवर उडतंय!”

“उडू द्या की! बायकोच्या काकाच्या थडग्यावर हात फिरवावा तसं तुम्ही उरकता. चार पाती इकडची तिकडे गेली तर काय आभाळ कोसळणार आहे, मास्तर?”

काम झालं की मालसुन उजव्या थडग्यालाच पाठ टेकायची. सावली तिकडेच होती आणि का कुणास ठाऊक, तिथं तिचा डोळा छान लागायचा. मग मास्तर खेकसायचे, “उठा, उठा! ही काय तुमची गादी आहे?” ती बडबडत उठायची.

यंदा मास्तरांच्या खेटे घालण्याला फळ आलं. सनऊ बाईंची पाटी मंजूर झाली. पण पाटी वाचायला माणसं उभी कुठं राहणार? डावं थडगं बेवारस, तेव्हा ते सपाट करून तिथं फरशी घालायची, हाडं जाळून राख सामायिक कोठडीत ठेवायची, असं ठरलं. मास्तरांनी मुकाट्यानं सही केली. ही बातमी कळली तशी मालसुन तडक पालिकेत जाऊन धडकली.

“आजी, तुमची आईच आहे कशावरून?” कू साहेब नावाचा तरणा अधिकारी नम्रपणे म्हणाला. “दगड नाही, नाव नाही, नोंद नाही.”

“चाळीस वर्षं गवत कापतेय मी! परक्याचं कापेन का?”

“चुकून कुणी कापूही शकतं, आजी.”

“चुकून? माझ्या आईला मी चुकेन?” मालसुनच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं तिला स्वतःचाच राग आला. दारापाशी मास्तर उभे होते. खरं तर एक शब्द बोलले असते तर चाललं असतं. पण ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

कामाच्या दिवशी माणसं खोदायचं यंत्र घेऊन टेकडीवर आली, तर डाव्या थडग्यावर मालसुन आडवी पडलेली. विळा उशाशी, पिशवी पायाशी.

“आजी, उठा ना,” कू साहेब काकुळतीला आला.

“आधी मला उकरा, मग आईला. पोटात नाही ठेवलं का तिनं मला? आता मी तिला पोटाशी धरलंय.”

“राहू दे,” साहेब मजुरांना म्हणाला. “तोवर पाटीचा खड्डा घ्या.”

मजुरांनी उजव्या थडग्यापुढे पहार मारली. दोन हात खाली गेल्यावर खण्ण आवाज झाला. मातीतून एक पांढरा भाताचा वाडगा निघाला, पालथा घातलेला.

“थांबा! हात लावू नका!” मास्तर नव्या सुटासकट गुडघ्यांवर बसले. दगड परवडत नसला की पूर्वी गरीब लोक वाडग्याच्या आत मेलेल्याचं नाव लिहून तो थडग्यापुढे पालथा पुरत. “मावशी गं, तुझं नाव होतं तर इथं! इतकी वर्षं होतं!” मास्तरांनी वाडगा सुलटा केला, बाहीनं पुसला, वाचला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“वाचा की मोठ्यानं,” मालसुन पडल्यापडल्या ओरडली.

“हॉ बुनी,” मास्तर म्हणाले. “मालसुनची आई.”

मालसुन उठून बसली. “काय म्हणालात? पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. मग खाडकन कपाळावर हात मारला. “डावं-उजवं! अहो, जुनी माणसं थडग्याची डावी-उजवी बाजू आत झोपलेल्याच्या हातांनी धरायची! माझी आई म्हणाली, तुझी मावशी उजवी. मी इथं समोर उभा राहिलो आणि माझा उजवा हात धरला. तुम्हीही तेच केलंत! पूजेच्या मांडणीतलं डावं-उजवं पोरांना शिकवलं मी, आणि स्वतः मात्र...”

मालसुन कशावर बसलीय, ते आता मास्तरांना दिसलं. मग ते यंत्र दिसलं. मग आपली सही आठवली. दुसऱ्या क्षणी मास्तर ओल्या गवतात कपाळ टेकून डाव्या थडग्यातल्या सनऊ बाईंपुढे पालथे पडले होते. उठले ते मालसुनकडे वळले आणि तिच्यापुढेही तसेच पालथे पडले.

“तुम्ही आडव्या आला नसतात, तर मी माझ्या हातानं मावशीला...”

मालसुनचा ऊर भरून आला, पण जीभ कशी गप्प बसेल? “बघा साहेब! कुणाला बेवारस म्हणत होता ते! आणि राखलं कुणी, तर या मासळीवालीनं!”

“आजी,” कू साहेब घाम पुसत म्हणाला, “आता उठलात तरी चालेल.”

“आधी पाटी इथं आणा. फरशी पलीकडून न्या. माझ्या आईच्या अंगावरून एक पाऊल जाता कामा नये. मग उठते.”

पाटी आली. ती सरळ उभी राहिल्यावरच मालसुन उठली. मजुरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. ज्या बाईनं बाजारातल्या बायकांना अक्षर शिकवलं, तिचं नाव बाजारातल्याच एका बाईनं राखलं होतं.

“पुढल्या वर्षी कुणी कुठलं कापायचं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“तुम्हीच सांगा.”

“मला तुमच्या आईचीच सवय झालीय. तिच्या केसांचा भांग मला पाठ आहे.”

“मग तेच कापा. पण नीट कापा, बायकोचा काका नाहीये ती.”

मालसुननं अर्धी बाटली आईच्या थडग्यावर ओतली, अर्धी सनऊ बाईंच्या. वाडगा परत पुरायच्या आधी थोडा वेळ मांडीवर घेतला आणि चाळीस वर्षं जिथून उठत आली होती, तिथंच पाठ टेकली. सवयीनं मास्तरांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

“आई गं,” मालसुन डोळे मिटत मोठ्यानं म्हणाली, “आता कोण मला उठवतो, ते बघतेच.”