दान द्यायचा राहून गेलेला झगा

मी सांताक्लॉजचा लाल झगा बोलतोय. हसू आलं ना? येऊ दे. मला पाहून माणसं हसतातच, त्यासाठीच तर मला शिवलंय. पण आज जे सांगणार आहे ते हसण्यावारी नेऊ नका. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे आणि ती निस्तरणं माझ्या हातात नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

माझा जन्म कल्याणचा. तिथे राघो मास्तर नावाचे शिंपी होते, शाळांच्या गॅदरिंगचे कपडे शिवण्यात त्यांचा हातखंडा. मावळ्यांच्या अंगरख्यांतून उरलेलं लाल सॅटिन आणि गादीवाल्याकडचा कापूस, एवढ्यात त्यांनी मला उभं केलं. दाढीही कापसाचीच, मागे इलॅस्टिक लावलेली. एका कॉन्व्हेंट शाळेने मला विकत घेतलं. मग मला घालायचं कुणी, असा प्रश्न आला. शाळेतले मास्तर लोक सगळे काडीपैलवान. शेवटी सिस्टरांची नजर शिपाई बाबुरावांच्या पोटावर गेली.

बाबुराव मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला डोंबिवलीजवळच्या कोपरला. सांता म्हणजे कोण हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. "म्हणजे बहुरूपीच की!" असं म्हणून त्यांनी मला अंगात चढवलं, शाळेचीच पितळी घंटा हातात घेतली आणि पहिल्याच वर्षी सगळी शाळा खिशात घातली. त्यांच्या तोंडात सतत लवंग असायची, त्यामुळे माझ्या दाढीला लवंगेचा वास लागला. त्यांचा डावा गुडघा जुना दुखरा, म्हणून ते पाय जरा ओढत चालायचे. कल्याणच्या पोरांना वाटायचं, सांता असाच चालतो.

देव माणसाच्या अंगात येतो म्हणतात. माझं उलटं, माझ्या अंगात माणूस येतो. आणि मला माणूस माहीत तो एकच. बाबुराव निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर सिस्टरांनी मलाही देऊन टाकलं. शाळेतली अकरा आणि घरची सहा, अशी सतरा वर्षं मी त्यांच्याच अंगावर होतो. त्यांचा घाम, खोकला, बोलायची ढब, सगळं माझ्या कापसात मुरलं.

गणपती गावाला, दिवाळी कोपरला आणि नाताळ ठाण्याला, अशी त्या कुटुंबाची वाटणी होती. ठाण्याला घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर त्यांचा मुलगा सुदेश राहतो, त्याची बायको संचिता आणि मुलगी रुचिता. पंचवीस डिसेंबरला बाबुराव आणि त्यांची बायको शालनबाई सकाळीच तिकडे जायचे. दिवाळीच्या उरलेल्या माळा प्लास्टिकच्या झाडावर चढायच्या, जेवायला कोंबडी-वडे, वर बेकरीचा केक. बाबुराव गुपचूप बाथरूममध्ये मला घालायचे, मागच्या मागे बाहेर जाऊन दाराची बेल वाजवायचे. चार वर्षांची असताना रुचिताने माझ्या दाढीचा वास घेतला आणि कानात म्हणाली, "आजोबा, मला माहितेय. मी कोणाला नाही सांगणार."

तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं कानात. बाबुरावांच्या शेवटच्या नाताळला ती म्हणाली, "मी झोपल्यावर तुम्ही कोपरला निघून जाता. मला न सांगता कुठे जायचं नाही हां!"

"नाय गो बाय," बाबुराव म्हणाले. "सांगितल्याबिगर जायचा नाय."

जुलैमध्ये एका दुपारी बाबुराव जेवता जेवता कलंडले आणि गेले. रुचिता शाळेत होती. तिला परस्पर मावशीकडे नेलं आणि सांगितलं, आजोबा गावाला गेलेत.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या तारेवर बसून नुसता बघत राहिला. शालनबाईंनी हात जोडून सांगितलं, माझी काळजी करू नका. सुदेश म्हणाला, आईला सांभाळीन, गावच्या घराला हात लावणार नाही. आणखी काय काय कबूल करून झालं. पोरीला खरं सांगतो, एवढं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे घरी आले. मी कोपरच्या घरात माळ्यावर पिशवीत होतो, खाली चाललेलं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. तेराव्यानंतर बाबुरावांचे कपडे दान दिले. शर्ट, पँट, स्वेटर, अगदी मफलरसुद्धा. मी तेवढा राहिलो. मीही त्यांच्या अंगावरचा कपडा आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डिसेंबरात सुदेश आणि संचिता कोपरला आले तेव्हा पुढचं कळलं. रुचिता पाच महिने दारात स्टूल टाकून बसत होती. शाळेतून आली की तिथेच. जेवणाचं ताटही तिथेच, तेही अर्धं टाकलेलं. वजन उतरलं होतं.

"अरे, किती दिवस फसवणार आहोत तिला?" संचिता रडकुंडीला आली होती. "नाताळला आजोबा येणारच म्हणते. मी काय सांगू तिला?"

"मी घालतो पप्पांचा ड्रेस," सुदेश म्हणाला. "सांता बनून कानात सांगतो, आजोबा देवाघरी गेले म्हणून. सांताचं ऐकेल ती."

"तुला जमेल?"

"नाही जमलं तर गेलो ना मी कामातून."

नाताळच्या दिवशी भरदुपारी, उन्हं हॉलभर पसरलेली असताना, सुदेशने बाहेर जिन्यात जाऊन मला अंगात घातलं. पोर किडकिडीत, पोटाला उशी बांधली. दाढी लावून त्याने पाऊल टाकलं आणि दचकून खाली पाहिलं. त्याचा डावा पाय ओढला जात होता. त्याने पाय झटकला, पुन्हा टाकला. पुन्हा तेच. बेल वाजवण्याआधी तो खोकला, आणि आत वडे तळणाऱ्या शालनबाईंच्या हातातला झारा खाली पडला.

रुचिता स्टुलावरून उठून सरळ गळ्यात पडली. सुदेशने तोंड उघडलं. आठ दिवस घोकलेलं वाक्य होतं. बाहेर आलं ते वेगळंच.

"काय गो बाय, दमलीस ना वाट बघून?"

सुदेश डोंबिवलीत वाढलेला. गावची भाषा त्याला कधीच आली नाही.

"मी मेलो गो. पावसाळ्यात. तुला सांगायला जमला नाय. पप्पावर रागवू नको, तो घाबारला."

"दुखलं?" रुचिताने विचारलं.

"थोडा."

"आणि आता?"

"आता नाय दुखत."

मग ती रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा, मोकळं, मोठ्याने. संचिता भिंतीला टेकून उभी होती. शालनबाई पिठाच्या हातांनी पुढे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्ही?"

मला काढल्यावर सुदेश पलंगावर बसला. "दाढी लावली तिथपर्यंत आठवतंय गं. पुढचं काहीच नाही." सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाबुराव येऊन गेले, त्यांचा जीव पोरीतच अडकला होता. शालनबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आता खरं ऐका. बाबुराव आले नव्हते.

सुदेशचं डोकं माझ्या गळ्यातून वर आलं तेव्हापासून मी त्यांना शोधत होतो. बाह्यांत, अस्तरात, कापसात. ते नव्हतेच. सुदेशचं वाक्य घशात अडकलं, तो पाठ फिरवून पळणार हे मला कळलं, आणि समोर ती पोर मान वर करून उभी. म्हणून मी बोललो. सतरा वर्षं ऐकलेलं बोलणं माझ्यापाशी होतं, ते मी वापरलं. तो पाय मीच ओढला होता, खोकलोही मीच. पोरीच्या भल्यासाठीच केलं, शपथ.

तिथेच थांबलो असतो तर आज तुमच्यापुढे तोंड उघडायची वेळ आली नसती. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि कानात विचारलं, "मग आता परत नाही येणार ना?" उत्तर तिचं तिलाच कळलं होतं. नुसती मान हलवायची होती. बाबुरावांनी हलवली असती. आत सुदेशही 'नाही' म्हणत होता, त्याचा घसा हलताना मला जाणवला. पण तिचे हात माझ्या गळ्यात होते. वर्षातले अकरा महिने पिशवीत काढल्यावर ते हात काय असतात, ते तुम्हाला नाही कळायचं.

मी सुदेशचा घसा आवळला आणि म्हणालो, "येईन गो. पुढच्या नाताळला."

दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा दारात गेलं. आता तर ती कॅलेंडरवर रोज एक फुली मारते. जेवण पुन्हा अर्ध्यावर आलंय. शालनबाईही म्हणतात, "पुढच्या वर्षी मलापण दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी." सुदेश नको म्हणतो, पण आई आणि मुलीपुढे तो किती टिकणार? माळ्यावर टाकायला कुणाचं मन झालं नाही, म्हणून मी संचिताच्या कपाटात हँगरवर लटकतोय. शाळेतून आल्यावर रुचिता कपाट उघडते, माझी बाही गळ्याभोवती घेते आणि दिवसभराचं सगळं माझ्या कॉलरला सांगते. मी उत्तर देत नाही. देता येत नाही असं नाही. आवरतो स्वतःला, आणि ते रोज जास्त जड जातं.

बाबुराव कधीच गेले, नीट गेले, त्यांचं काही अडकलेलं नाही. अडकलोय तो मी. मला एकदा माणूस आतून हलवता आला, आता त्याशिवाय करमत नाही.

संचिता, तुला हात जोडतो. मला आता दान देऊ नकोस, ती वेळ गेली. दिलंस तर आणखी कुणाच्या अंगावर चढेन. मला उसव. बाह्या वेगळ्या कर, कापूस वाऱ्यावर सोडून दे, आणि पोरीला जवळ घेऊन तुझ्या स्वतःच्या तोंडाने सांग की कुणी येणार नाही. डिसेंबरची वाट बघू नकोस. काल तू स्वयंपाकघरात असताना तिने गंमत म्हणून माझ्या बाहीत हात घातला होता. मी तो आतून धरला. सोडायला मला फार वेळ लागला.