वर्कशॉपमधली रिकामी जागा

सरकारने नववीपासून व्यवसाय शिक्षण आणलं, ते चांगलंच केलं. माझं भांडण त्याच्याशी नाही, आमच्या शाळेच्या वेळापत्रकाशी आहे. साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत दिवाळीनंतर वेल्डिंगचं वर्कशॉप सुरू झालं. मशीन कमी, म्हणून अर्ध्या वर्गालाच जागा. आणि तास बसवले कुठे, तर दिवसाच्या शेवटी, जेव्हा गणिताचे जादा तास चालतात. म्हणजे ज्याला वेल्डिंग मिळालं, त्याचं जादा गणित गेलं.

निवड मुख्याध्यापक मोतीलाल सरांनी केली, "मुलांचा कल बघून". कल त्यांनी असा बघितला, की ज्याचा बाप अंगमेहनतीचं काम करतो त्याचं पोर वर्कशॉपमध्ये. बाप मास्तर, दुकानदार, बागायतदार असेल तर पोर गणिताला. शिक्षकांच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, "सर, बुद्धविहारामागची सगळी मुलं एकाच बाजूला कशी गेली?"

सर दुखावले. "मॅडम, जात कुठून आणता मध्ये? या मुलांना घरूनच बाळकडू मिळालंय. दहावीलाच हातात प्रमाणपत्र येईल, लवकर पायावर उभी राहतील."

सर मनाने वाईट नाहीत, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मी जिची वर्गशिक्षिका, ती मृणाली त्याच वर्गातली. तिला पॉलिटेक्निकला जायचंय आणि गणिताच्या जादा तासाला तिने एकदाही दांडी मारलेली नाही. नाव वर्कशॉपमध्ये गेल्याचं कळल्यावर तिने डबा न खाता परत नेला. तिचा बाप पितांबर बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान चालवतो. आमच्या शाळेचं फाटक त्यानेच बनवलेलं आहे. शनिवारी तो कामाच्या कपड्यांतच शाळेत आला. सरांनी मलाही बोलावून घेतलं, त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"पितांबरभाऊ, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे. मुलगी तुमचाच धंदा शिकतेय."

"वेल्डिंग तं मी घर बी शिकाडसू, सर," पितांबर म्हणाला. "गनित मना बापले येत नव्हतं, माले बी येत नई. ते आम्हना घरमा कोन शिकाडी? त्यानाकरताच तं पोरले शाळामा धाडं."

"अहो, कौशल्याला हलकं समजू नका."

"हलकं नई शे. त्यानावरच मनं घर चालस. पन मंग तुमना ललित काबर नई शे तठे?"

ललित म्हणजे सरांचा नातू, याच वर्गातला, आणि तो गणिताला. सरांनी कप खाली ठेवला. उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते तोंडावर देण्यासारखं नव्हतं. म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून मृणाली जादा तासाला बसेल."

मला इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन मी शिरा केला. माझा तो आनंद सोमवारच्या शेवटच्या तासापर्यंतच टिकला. मृणाली जादा तासाला पहिल्या बाकावर बसली होती, आणि तिच्या शेजारचा बाक रिकामा होता. प्रशीलला तिथून उठवून वर्कशॉपमध्ये पाठवलं होतं, तिची जागा भरायला. प्रशील गणितात तिच्या तोडीस तोड; वर्कशॉपच्या जागा भरल्या म्हणून मजुराचं पोर असूनही पहिल्या यादीतून तेवढा तो सुटला होता. त्याचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, मागे फक्त एक आजी, द्रौपदाबाई. तिला गुडघ्यांमुळे घराचा उंबरा ओलांडवत नाही, ती शाळेत कुठून येणार?

मी तडक सरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, कुणाला तरी बसवावंच लागेल ना."

सरांनी हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पण बागायतदाराचं पोर उठवलं असतं तर संध्याकाळी त्याची गाडी दारात आली असती, एवढं त्यांना ठाऊक होतं. पाणी उताराकडेच वाहतं, आणि उतार कुठे आहे हे आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ आहे.

मृणालीने घरी सांगितलं असणार. मंगळवारी प्रार्थना संपते न संपते तोच पितांबर पुन्हा फाटकातून आत आला. त्याच्यामागोमाग मीही सरांच्या खोलीत जाऊन बसले.

"आता काय?" सर म्हणाले. "तुमच्या मुलीचं झालं ना काम?"

"प्रशीलसाठे उनू. त्याना बाप ऊस तोडाले जायेल शे. आज मी त्याना बाप शे."

सरांचा आवाज चढला. "आणि उद्या त्याच्या जागी तिसऱ्याला बसवलं तर? कितीजणांचे बाप होणार तुम्ही?"

"तुम्ही जितला पोरे बसाडशात, तितलासना," पितांबर म्हणाला. "दुकान बंद करीसन उनू."

या वेळी सरांनी त्याला बस म्हटलं नव्हतं. मी माझी खुर्ची त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्या बाजूला उभी राहिले.