जोडीतली उरलेली काठी

इंग्लंडात लीड्स नावाचं एक ढगाळ गाव आहे. त्या गावी डॉक्टर शशिधर, त्यांची बायको अलका आणि लेक देविका राहत होती. आणि त्यांच्या गॅरेजमध्ये, जुन्या हीटरमागे, मी. बर्फावर घसरताना हातात धरतात ना, ती स्कीची काठी बोलतेय.

आम्ही जुळ्या बहिणी. दोन हजार चार साली अलकाने आम्हाला सेलमधून उचललं आणि सगळे स्कॉटलंडला गेलो. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने आम्हाला बाजूला ठेवायला लावलं. म्हणाला, नवशिक्यांना काठ्यांची अडचणच होते. आम्ही कुंपणाला टेकून बघत राहिलो.

आमच्या डोळ्यांदेखत अलका पडली. गुडघा मोडला. त्या धावपळीत माझी बहीण कुंपणाशीच राहिली. मला गाडीत कुणी टाकलं, तेही ठाऊक नाही.

वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर यायचं.

"काठ्या हातात असत्या तर पडली नसती," डॉक्टर म्हणायचे.

"बाबा, पोल्स कोणाला धरून नाही ठेवत. बॅलन्ससाठी असतात फक्त."

"मग घेतल्या कशाला?"

"सेल होता ना. आईला विचारा."

हॉस्पिटलने अलकाला चालायला एक राखाडी काठी दिली. तिने हात लावला नाही. भिंती धरून घरातल्या घरात फिरायची, उंबऱ्याबाहेर नाही.

"अगं, पाय चालवला नाहीस तर गुडघा कायमचा आखडेल."

"अहो, बावन्नाव्या वर्षी काठी टेकत गेले तर ती शेजारची रेखा विचारेल, नातवंडं किती?"

असं वर्ष गेलं. एकट्या काठीला कोण विचारतं? माझ्यावर कोळ्यानं घर केलं. तेवढीच सोबत.

मग पाडवा आला. गुढीला वेळू मिळेना. डॉक्टरांनी मला पुसलं आणि मागच्या हिरवळीत रोवलं. कडुलिंबाऐवजी कढीपत्ता, मुठीवर तांब्या, गळ्यात रेशमी खण. इतकं कुणी मला कधी सजवलं नव्हतं.

गुढी दिवस मावळायच्या आत उतरवायची. डॉक्टर ड्यूटीवर अडकले, देविका ब्रिस्टलला. त्यात पाऊस आला. अलका दारातून बघत होती. खण भिजायला लागला तशी ती भिंत धरून निघाली. भिंत संपली. पुढे चार पावलं ओलं गवत. कशीबशी आली, हळदकुंकू वाहिलं, तांब्या उतरवला, खण खांद्यावर टाकला आणि मला उपटून टेकली. सगळा भार माझ्यावर. वाटलं, आता मी मोडते. मोडले नाही.

ती घरात वळलीच नाही. फाटक उघडून तीन घरं पलीकडे रेखाकडे गेली.

रेखा दारात आली. माझ्यावरचं कुंकू बघून म्हणाली, "काय गं, सजूनधजून डोंगर चढायला निघालीस?"

"हो. पहिला डोंगर तूच. चहा टाक."

त्यानंतर रोज पार्कात अलका आणि मी. उन्हाळा सरेपर्यंत तिचा गुडघा वाकायला लागला. पुढल्या वर्षी देविकाच्या लग्नात ती मांडवभर फिरली, हातात नुसतं अक्षतांचं ताट. हे डॉक्टरांनीच सांगितलं, मशीनमध्ये कपडे टाकताना. घर पुन्हा हसतं झालं.

मी परत हीटरमागे आहे. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण सकाळी गॅरेजपाठीमागून अलका जाते तेव्हा मी कान लावून ऐकते. दोन्ही पावलं सारखी वाजतात. तिसरा आवाज नसतो.

पाडव्याला तेवढं मला काढा.